भागीदारी प्रकल्पात नव्याने येणाऱ्यांसाठी

पर्यावरण, नगर नियोजन किंवा प्रादेशिक विकास यांपैकी कशातही संशोधन करायला आलात, तर आज ना उद्या एखाद्या भागीदारी प्रकल्पात तुमचं नाव लागतंच. एका बाजूला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला पालिका, वनखातं, पाणीपुरवठा विभाग किंवा रहिवाशांची संघटना. सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतात. मग तुम्ही कामाला बसता आणि लक्षात येतं, की समोरच्यांना नेमकं काय हवंय हे कुणी धड विचारलेलंच नाही. तेव्हा ते तुम्हीच विचारा. गाईडनी लिहिलेला प्रस्ताव बाजूला ठेवून त्या खात्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला विचारा: ‘येत्या वर्षभरात तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचाय?’ उत्तर आलं नाही, तर तो प्रकल्प फक्त शोधनिबंधासाठी आहे असं समजा. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला भागीदारी म्हणू नये.

आधी समोरच्याचा प्रश्न, मग संशोधन, ही उलटी वाट नवी नाही. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत १९७० च्या दशकात ‘सायन्स शॉप’ सुरू झाली. प्रश्न घेऊन यायचे नागरिकांचे गट, आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उत्तर शोधायचे विद्यार्थी. मला ही रचना अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण प्रश्न विचारणारा आधी ठरलेला असतो.

आता डेटा. नवखे सगळ्यात जास्त वैतागतात ते इथे.

माझं काम पावसाचं पाणी तुंबणाऱ्या वस्त्यांवर होतं. पाणी कुठे किती वाहील हे सांगणारं संगणकावरचं मॉडेल चालवायचं तर प्रत्येक मॅनहोलपाशी जमिनीची पातळी, पाइपच्या तळाची पातळी, व्यास आणि उतार लागतो. हातात आले ते वेगवेगळ्या काळातल्या कागदी नकाशांचे स्कॅन. काहींवर पातळ्या एका संदर्भबिंदूपासून मोजलेल्या, काहींवर दुसऱ्याच. दोन नकाशे जोडले की पाणी चढावर वाहताना दिसायचं. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतं.

हा गुंता सुटला तो देखभाल विभागातल्या एका मुकादमांमुळे. कुठे पाणी पाठीमागे फुगतं हे त्यांना तोंडपाठ होतं. एका चौकात झाकण उघडून त्यांनी टेप आत सोडायला लावली. वरच्या बाजूने येणारा पाइप मोठा, पुढे जाणारा लहान. नकाशावर दोन्ही सारखेच दाखवलेले. उतार तोच ठेवून भरून वाहणाऱ्या पाइपचा व्यास निम्मा केला, तर वाहून नेण्याची क्षमता निम्मी होत नाही, साधारण एक षष्ठांशावर येते. प्रवाह काढायचं मॅनिंगचं सूत्र पाठ करून परीक्षेत आपण सगळेच पास होतो, पण त्या एका षष्ठांशाचा अर्थ मला झाकणापाशी उकिडवं बसल्यावर कळला. तळाशी साचलेला गाळ तर कुठल्याच नकाशावर नसतो.

म्हणून सांगते: स्वतः मोजल्याशिवाय मिळालेल्या आकड्यावर विसंबू नका, आणि ज्यांनी मोजायला मदत केली त्यांची नावं अहवालात घाला. तळटीपेत नको, मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. विद्यापीठ सत्रावर चालतं, पालिका अर्थसंकल्पावर आणि पूर पावसावर. तिघांचा मेळ आपोआप बसत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाने २००९ मध्ये यावर एक साधा तोडगा काढला. दर शैक्षणिक वर्षासाठी एक शहर निवडायचं आणि वेगवेगळ्या विभागांतले बरेच अभ्यासक्रम त्याच शहराच्या प्रश्नांना जोडायचे. पहिलं शहर ग्रेशम. शहर खर्चाचा वाटा उचलतं आणि आपला कर्मचारी कामाला जोडून देतं. माझ्या मते यातली खरी गोम पैशात आहे. फुकट मिळालेला अहवाल कुणी उघडून बघत नाही.

पण वर्षभराची चौकट सगळीकडे चालत नाही. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रुक जंगलात ओढ्यांचा प्रवाह मोजायचे बंधारे वनखात्याने आधीच बांधलेले होते. तिथल्या पाण्याचं रसायनही तपासावं, असं विद्यापीठात शिकवणाऱ्या बोरमन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वनखात्याला पत्राने सुचवलं. काम १९६३ मध्ये सुरू झालं आणि पाऊस आम्लधर्मी असल्याचं दिसलं. पण एका नमुन्यावर कायदा होत नाही. नमुने वर्षानुवर्षं गोळा होत राहिले आणि अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात १९९० मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांना या नोंदींचा आधार मिळाला. इथे वनखात्याचे बंधारे आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा यांपैकी एकच असतं तर काही झालं नसतं. तुमच्या वाट्याला असा प्रकल्प आला तर तुमचा प्रबंध म्हणजे त्या मालिकेतली चार-पाच वर्षं. नोंदी नीट ठेवा, उपकरण बदललं तर तारीख लिहून ठेवा. पुढचा विद्यार्थी तुम्हाला ओळखणार नाही, पण तुमची वही वाचणार आहे.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. तिथे एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं गेलं नाही आणि शिसं नळात उतरू लागलं. सरकारी यंत्रणा सगळं ठीक असल्याचं सांगत असताना रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स यांच्या चमूशी हातमिळवणी केली. २०१५ मध्ये पाण्याचे नमुने घ्यायचे ३०० किट वाटले गेले आणि नमुने रहिवाशांनीच भरले. पद्धत मुद्दाम काटेकोर होती: पाणी काही तास नळात साचू द्यायचं, मग पहिली धार एका बाटलीत आणि थोडा वेळ नळ वाहू दिल्यावर पुढच्या बाटल्या. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर जुन्या स्रोताकडे परतलं. लोकांनी गोळा केलेला डेटा कच्चा असतो असं कुणी म्हणालं, तर हे उदाहरण पुढे करा. आणि हेही बघा, की इथे विद्यापीठाचा भागीदार पालिका नव्हती, रहिवासी होते. कोणाच्या बाजूने बसायचं हा प्रश्न तुमच्याही समोर येऊ शकतो.

म्हणूनच करार वाचा. कंटाळवाणा असतो, तरी वाचा. प्रकाशनापूर्वी भागीदाराने मसुदा पाहावा हे रास्त आहे. पण त्याला दिवसांची मर्यादा हवी आणि त्या दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती धरली जाईल असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘संमतीशिवाय प्रकाशित करू नये’ एवढंच वाक्य असेल, तर तुमची पदवी दुसऱ्याच्या टेबलावर अडकू शकते. डेटाची मालकी, घराघरांतून गोळा केलेल्या माहितीतली नावं कोण बघणार, प्रकल्प संपल्यावर ती कुठे राहणार, हेही त्याच कागदावर हवं.

अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात हे गृहीत धरा. एकाच माणसाच्या उत्साहावर उभा असलेला प्रकल्प तो गेला की बसतो. दोघातिघांशी ओळख ठेवा आणि प्रत्येक बैठकीनंतर काय ठरलं ते चार ओळींत ईमेलने पाठवा. नव्या माणसाला तोच इतिहास मिळतो.

प्रबंधाची आखणी करताना निदान एक प्रकरण असं ठेवा, जे भागीदाराने पाठ फिरवली तरी उपग्रहचित्रं, जनगणना, हवामान नोंदी अशा खुल्या माहितीवर पुरं होईल. गाईडशी हे पहिल्याच सत्रात बोलून घ्या. तिसऱ्या वर्षी बोलायला गेलात तर मुदतवाढीचा अर्जच भरावा लागतो.