विरघळणाऱ्या धातूवरचा लेप : या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

धातुशास्त्राच्या पदवीनंतर मी या विषयाकडे वळलो तेव्हा गंज म्हणजे शत्रू, एवढेच मनावर ठसलेले होते. मॅग्नेशियमच्या इम्प्लांटवर काम करताना ती समजूत सोडावी लागली, कारण येथे धातू सावकाश गंजून शरीरात जिरावा हीच अपेक्षा असते. हाड जुळल्यावर स्क्रू किंवा पट्टी काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू नये, यासाठीच हा खटाटोप आहे. त्यामुळे लेपाने गंज थांबवायचा नसतो, तर हाडाला आधार लागतो त्या काही महिन्यांपुरता तो लांबवायचा असतो. 'सर्वांत टिकाऊ लेप कोणता' हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे.

धातू गंजण्याची घाई नडते हे फार पूर्वीच दिसून आले आहे. बेल्जियमचे शल्यविशारद अल्बिन लांबोत यांनी १९०६च्या सुमारास पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. ती आठच दिवसांत विघटित झाली आणि त्वचेखाली वायू साठला. दोन भिन्न धातू एकत्र आल्याने विद्युत्-रासायनिक क्षरणाला जोर चढला होता. तो वायू म्हणजे हायड्रोजन. १ ग्रॅम मॅग्नेशियम पाण्याशी अभिक्रिया करून संपते तेव्हा सुमारे १ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो, हा आकडा ध्यानात ठेवला की लेपाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. धातूवर आपोआप बनणारा हायड्रॉक्साइडचा थर शरीरद्रवातील क्लोराइडपुढे टिकत नाही. तरीही या धातूचा मोह सुटत नाही, कारण त्याचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, ४५ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या निम्म्याहून कमी आणि हाडाच्या बराच जवळ आहे. त्यामुळे इम्प्लांट सगळा भार स्वतःकडे घेऊन शेजारचे हाड कमकुवत करण्याचा धोका कमी होतो.

लेपांचे प्रकार पुस्तकांत सापडतील. विद्युत्-अपघटनी द्रावणात ठिणग्या पाडून बनवलेला सिरॅमिक ऑक्साइडचा थर धातूला घट्ट धरतो, पण सच्छिद्र असतो; कॅल्शियम फॉस्फेटचे थर हाडाच्या पेशींना मानवतात, पण ठिसूळ असतात; पॉलिलॅक्टिक आम्लासारखी बहुलके छिद्रे बुजवतात, पण स्वतः विघटित होताना आम्ल सोडतात. म्हणून बहुधा दोन थरांची जोडी करावी लागते.

माझा खरा धडा मात्र लेपाने नव्हे, नमुन्याच्या कडेने शिकवला. पहिल्या वर्षी ध्रुवीकरणाचा, म्हणजे विद्युतदाब बदलत प्रवाह मोजून गंजण्याचा वेग काढण्याच्या चाचणीचा, आलेख इतका सुरेख आला की क्षरणाचा वेग शंभरपटीने घटल्याचे मी गटापुढे उत्साहाने मांडले. पुढे तेच नमुने द्रवात बुडवून ठेवले, तेव्हा तिसऱ्या दिवशी चकत्यांच्या धारेवरून बुडबुड्यांची माळ निघू लागली आणि आठवड्याच्या आत लेप पापुद्र्यासारखा सुटला. आलेख खोटा नव्हता. त्यात सपाट पृष्ठाच्या मधल्या भागाचे काही मिनिटांचे वर्तन तेवढे टिपले गेले होते. स्क्रूला तर आटेच आटे, म्हणजे धारच धार. तेव्हापासून मी कडा गोलसर केल्याशिवाय लेपन करत नाही आणि उलट्या ब्युरेटमध्ये हायड्रोजन अनेक दिवस मोजल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, तरी माझा विश्वास आलेखापेक्षा त्यावर अधिक आहे.

चाचणीचा द्रवही तेवढाच फसवा असतो. कृत्रिम शरीरद्रवात सामू स्थिर राखण्यासाठी घातलेले ट्रिस मॅग्नेशियमचे विरघळणे वाढवते, आणि नेहमीच्या पाककृतीत बायकार्बोनेट रक्तद्रवापेक्षा बरेच कमी असते. त्यामुळे द्रव बदलला की लेपांचा क्रमही बदलू शकतो. पेशींच्या चाचणीत आणखी एक खोच आहे. एमटीटी रसायनाचा रंग जिवंत पेशींमुळे बदलावा अशी अपेक्षा असते, पण गंजणारे मॅग्नेशियम स्वतःच तो बदल घडवते आणि पेशी आहेत त्यापेक्षा सुदृढ भासतात. पेशींविना ठेवलेला तुलनात्मक नमुना म्हणूनच अनिवार्य मानावा.

धातूच्या शुद्धतेचा अहवाल मात्र लेपनाआधी मागून घ्यावा, कारण लोह, निकेल किंवा तांबे थोडे जास्त असले तरी वरचा लेप कितीही चांगला असो, क्षरण आतून पोखरते. नमुने घासताना पाण्याऐवजी इथेनॉल वापरावे. मॅग्नेशियमचा कोरडा भुसा पेटला तर पाणी मुळीच ओतू नये, कोरडी वाळू टाकावी. फ्लोराइडच्या लेपासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावे लागते. त्याची इजा सुरुवातीला अनेकदा दुखतही नाही आणि आत खोल जाते, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी आणि अनुभवी सहकारी शेजारी असल्याखेरीज ती बाटली उघडू नये.