बारा मिनिटं तानपुऱ्यासोबत: अभ्यासिकेतल्या मुलांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहून स्पर्धा परीक्षेसाठी दिवसाचे दहा-दहा तास अभ्यासिकेत बसणाऱ्यांना ‘ध्यान कर’ असं सगळेच सांगतात. डोळे मिटले की कटऑफ, वय, घरून येणारे पैसे हेच समोर येतं, आणि चार दिवसांत प्रकरण बंद पडतं. नवख्याला निव्वळ शांततेपेक्षा कानाला आधार म्हणून एक सूर बरा. तानपुऱ्याचं मोफत ॲप त्याला पुरतं.

आवडती गाणी मात्र नकोत. शब्द आले की मन अर्थामागे जातं, ठेका आला की पाय हलायला लागतो. तानपुऱ्यात प, सा, सा आणि खर्जाचा (खालचा) सा, बस. ‘४३२ हर्ट्झने चिंता गायब’ छापाच्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. ऐन वेळी जाहिरात वाजते ती वेगळीच.

आधी पट्टी, म्हणजे तुमचा सा किती उंच ते, ठरवा. तोंड मिटून सहज गुणगुणा आणि त्या सुराला ॲपमधला सा जुळवा. मुलांना बहुधा काळी एक-दोन (पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी) सोयीची पडते, मुलींना काळी चार-पाच. पट्टी वरची झाली की गळा आवळतो. ॲपचा आवाज इतका हळू ठेवा की पंख्याची घरघरही ऐकू यावी. फोन एअरप्लेन मोडवर.

पहिली ३ मिनिटं नुसतं ऐका. चारही तारा वेगवेगळ्या ओळखता येतात का बघा. पुढची ५ मिनिटं नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास घ्या आणि ६ मोजेपर्यंत ‘म्’चं गुंजन करत सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून तो लांब. ओढूनताणून लांबवला तर गरगरतं. तसं झालं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. शेवटची ४ मिनिटं ॲप बंद करून बसायचं. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात.

रूममेटसमोर लाज वाटत असेल तर गुंजन मनातल्या मनात. वेळ मेसला जायच्या आधीची. जेवून बसलात तर पेंग येणारच.

डोळे मिटून धडधड वाढत असेल तर ते उघडे ठेवा. तरीही वाढली तर उठा, एक चक्कर मारून या. दोन आठवडे झोप किंवा भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तिथे तानपुऱ्याचं काम नाही. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.