पुण्यात नवं घर, येणारं बाळ: आधी काय घ्यायचं

नागपूर, लातूर, जळगावकडून येऊन वाकड, धायरी किंवा खराडीच्या फ्लॅटमध्ये संसार मांडलेल्यांची अडचण एकच असते. गावी आई, काकू आणि शेजारच्या आजी मिळून बाळंतविडा जमवतात. इथे दोघांनीच यादी करायची, आणि ती रोज वाढत जाते. आमचं सांगणं एवढंच, की पहिल्या सहा आठवड्यांपुरतं घ्या. या दिवसांत बाळ दूध पितं, झोपतं आणि लंगोट ओले करतं. पैसा तिथेच घाला. बाकीचं पुण्यात हवं तेव्हा मिळतं.

सातवा महिना संपत आला की सुरुवात करा. ‘जन्माआधी बाळाचं काही आणू नये’ असं घरचे म्हणत असतील, तर वाद घालू नका, जुन्या सुती साड्या मागवून घ्या. पहिले कपडे जुन्या, मऊ कापडाचे घालायची आपली रीतच आहे आणि नाजूक कातडीला तेच मानवतं. साडेपाच मीटरच्या एका साडीतून मीटर-मीटरची दोन दुहेरी दुपटी निघतात. उरलेल्या दीड मीटरात दोन मोठे लंगोट बसतात. काठ आणि जर आधी कापून टाका, ती टोचते.

लंगोटांचा हिशेब मात्र नीट करा. पहिला आठवडा सरला की दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. उन्हाळ्यात तीस पुरतात, कारण सकाळी धुतलेले दुपारी हातात येतात. जून ते सप्टेंबरमध्ये बाळ येणार असेल तर पंचेचाळीस-पन्नास ठेवा. पावसाळ्यात बंद बाल्कनीत कपडा वाळायला दोन दिवस लागतात आणि दमट लंगोटाने पुरळ येतं. त्यात पाण्याचं वेळापत्रक. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. म्हणून बुधवारी रात्री लंगोटांची बादली रिकामी झालेली असली पाहिजे.

सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. जड पाण्यात साबण नीट निघत नाही, लंगोट पापडासारखे कडक होतात आणि मांड्यांच्या सांध्यात लाली येते. अशा वेळी साबण वाढवू नका, निम्मा करा आणि एकदा जास्त खळबळा. कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव्य लंगोटाला लावू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. पावसाळ्यात शेवटचा ओलावा इस्त्रीने काढा.

रात्रीसाठी आणि दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी डायपर हवेतच. नवजात मापाचं एकच छोटं पाकीट घ्या. ते साधारण पाच किलोपर्यंत चालतं, पण कधी लहान पडेल ते बाळच ठरवतं. मांडीवर इलॅस्टिकचे वळ दिसले की माप बदला. नाळ पडेपर्यंत डायपरची पुढची कड बेंबीखाली दुमडून ठेवा. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई-दादांच्या हाती वेगळा द्यायचा. कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाला त्या ठिपक्यामुळे आत काय आहे ते कळतं, म्हणून यात हयगय नको.

कपडे थोडेच घ्या, बारशाला ढीग येतो. पुढे बांधायचे बंद असलेली आठ-दहा झबली, तीन टोपडी, मोज्यांचे तीन जोड. डोक्यावरून घालायचं काही नको, मान सावरेपर्यंत त्यात फार झटापट होते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या रात्री गार असतात. तेव्हा आपण घालतो त्यापेक्षा एक थर जास्त पुरे. बाळाला थंडी वाजते का हे हाताच्या बोटांवरून पाहू नका, ती गारच असतात. मानेमागे हात लावून पाहा.

या खरेदीसाठी तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड. गाडी नेऊ नका. पिंपरीकडून मेट्रो थेट मंडई स्थानकाला येते. रामवाडीकडून किंवा वनाझकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची.

आता झोप. इथे आम्ही आग्रही आहोत. पाळणा घ्या किंवा कॉट, गादी सपाट आणि टणक हवी. गादी आणि कड यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत हवं. बाळाला उताणं झोपवायचं. मोहरीची उशी प्रेमाने येते, पण ती कपाटात ठेवा. बाळाची मान पुढे मुडपली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि तोंड उशीत गेलं तर ते त्याला सोडवता येत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून जागेपणी समोर बसून पोटावर पालथं ठेवा आणि झोपवताना तोंडाची बाजू बदलत जा. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून तिथे बाळाला एकटं सोडू नका. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी दिवसाही लावा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. कॉइल, धूप आणि शेगडीची धुरी बाळाच्या खोलीत नको.

बाटल्यांचा संच घेऊ नका. आईचं दूध यायला दिवस लागले किंवा काढून पाजावं लागलं, तर वाटी-चमचा किंवा बोंडलं (दूध पाजायची चोचीची छोटी वाटी) पुरतं, आणि ते दहा मिनिटं उकळणं सोपं जातं. बाटलीची सवय लागलेलं बाळ बऱ्याचदा अंगावर नीट ओढत नाही. दुधाचे पर्याय आणि बाटल्या यांच्या जाहिरातीला आपल्याकडे 1992च्या कायद्याने बंदी आहे, तरी कुणी भेट म्हणून हातात ठेवलं तर नको म्हणा. दूध काढायचा पंप गरज पडल्यावर घ्या. काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

गाडी असेल तर कार सीट प्रसूतीआधी घ्या, आणि दुकानात गाडी घेऊनच जा. काही गाड्यांचा मागचा पट्टा सीटभोवती पुरत नाही, आणि हे घरी आल्यावर कळतं. बाळाचं तोंड मागे असणारी, तेरा किलोपर्यंतची सीट घ्या आणि ती मागच्याच आसनावर बसवा, एअरबॅगसमोर कधीही नाही. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येत असेल तर तो सैल आहे. अपघातातून आलेली जुनी सीट फुकट मिळाली तरी घेऊ नका. स्कूटरवर तान्ह्याला नेऊ नका. लहान मुलांसाठीच्या हेल्मेटचा नियमही नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलांचा आहे.

नाळ पडेपर्यंत ओल्या मऊ कापडाने अंग पुसायचं, त्यामुळे टबची घाई नाही. काजळ आणि गुटी घेऊ नका, मध तर वर्षभर नको.

डिजिटल थर्मामीटर मात्र पहिल्या दिवसापासून हवा. काखेत 97.7 फॅरनहाइटच्या खाली आलं तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दुपटं घाला, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. वाढलं नाही, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा जास्त असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. रात्री उघडा असणारा बालरुग्ण विभाग घरापासून किती मिनिटांवर आहे, हे आठव्या महिन्यात एकदा स्वतः जाऊन पाहून या.