दुखापत किती वाजता झाली?

आपत्कालीन वैद्यकाच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी संख्याशास्त्राची धास्ती घेण्याआधी केसपेपरवरचा एक रकाना नीट पाहावा: दुखापतीची वेळ. माझ्या पहिल्या अभ्यासासाठी मी इंदूरच्या एका रुग्णालयातील कॅज्युअल्टीचे जुने केसपेपर चाळले, तेव्हा हा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच होता, आणि जिथे भरलेला होता तिथे अपघात जणू तासाच्या वा अर्ध्या तासाच्या ठोक्यावरच घडत असावेत, अशा नोंदी होत्या. त्यात भिंतीवरचे घड्याळ नऊ मिनिटे पुढे. सहा महिन्यांची मेहनत बाद करावी लागली.

या रकान्याचे मोल क्रॅश-२ या चाचणीवरून कळते. ४० देशांतील २७४ रुग्णालयांमधल्या २०,२११ जखमींवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारे जुने, स्वस्त औषध मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १४.५ टक्के, तर न मिळालेल्या गटात १६ टक्के होते. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात मात्र असे दिसले की, रक्तस्रावाचे मृत्यू टळायचे तर औषध दुखापतीनंतर तीन तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यानंतर दिल्यास अपायही संभवतो. वेळा लिहिल्याच नसत्या, तर हे कुणाच्या हाती लागले असते?

इंदूरला मानपूर-धामनोदकडून येणारा जखमी बरेचदा वाटेत दुसऱ्या दवाखान्यात थांबून येतो, त्यामुळे रेफरच्या चिठ्ठीवरची वेळ अपघाताची नसते. ‘चोट कब लगी?’ असे विचारल्यास ‘बस, अभी-अभी’ हेच उत्तर येते. म्हणून मी नातेवाइकांना, अपघात कळवणारा पहिला फोन किती वाजता आला, ते मोबाइलमध्ये पाहून सांगण्याची विनंती करतो. भेदरलेल्या माणसालाही ते जमते.

बेशुद्ध रुग्णाच्या संमतीचा प्रश्न प्रस्ताव लिहितानाच सोडवावा: नातेवाईक हजर नसल्यास काय करणार, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाची स्वतःची संमती कधी घेणार, हे नैतिकता समिती विचारतेच. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करणे अनिवार्य आहे.

आणि विषय ठरवण्यापूर्वी महिनाभर रात्रपाळीला कॅज्युअल्टीच्या दाराशी उभे राहावे. १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांकडे कॉलची वेळ असते, पण ती लिहिलेला कागद केसपेपरला टाचायला त्या गर्दीत कुणाला सवड नसते. आता माझ्या ॲप्रनच्या खिशात स्टेपलर असतो.