नेटवर्क कंट्रोल करायला नक्की कुठले नोड पकडायचे? पाण्याच्या टाकीवरून समजून घ्या

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत चार विंग, खाली एक अंडरग्राउंड टाकी, तिला एक पंप आणि गच्चीवर प्रत्येक विंगची वेगळी टाकी. आधी पंप चालू केला की चारही लाइनला एकदमच पाणी चढायचं, मग डी विंगची टाकी भरून वाहून गच्चीवर तळं आणि ए विंगची अजून अर्धीच. पंप दहा मिनिटं चालवा नाहीतर तासभर, कोणाला किती जाणार ते प्रमाण तेच. सगळ्यांना पाणी देणारा पंप हातात आहे म्हणजे सगळं आपल्या हातात असं वाटतं पण तसं नसतं, आणि नेटवर्कमधले महत्त्वाचे नोड (नोड म्हणजे जोडलेली एकेक गोष्ट, इथे पंप आणि टाक्या) शोधताना बहुतेक जण इथेच फसतात, ज्याची कनेक्शन जास्त तोच पकडतात.

कंट्रोल म्हणजे प्रत्येक नोड आपल्याला हव्या त्या स्थितीत नेता आला पाहिजे, दुसऱ्याच्या मागे फरफटत नाही. ज्यांना बाहेरून सिग्नल द्यावा लागतो ते ड्रायव्हर नोड. ते कमीत कमी किती लागतील हे काढायची पद्धत लिऊ, स्लोटीन आणि बाराबाशी या संशोधकांनी २०११ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडली, आणि ती कागद-पेनाने जमते.

आधी नोड काढा आणि कोण कोणावर परिणाम करतो तसे बाण काढा. इथे घाई नको, दिशा उलटी पडली तर पुढचं सगळं चुकतं. मग लाल पेनाने जास्तीत जास्त बाण गिरवा, अट एवढीच की एका नोडमधून एकच लाल बाण निघेल आणि एका नोडमध्ये एकच लाल बाण येईल. याला मॅक्सिमम मॅचिंग म्हणतात. ज्यांच्यात लाल बाण आला नाही ते ड्रायव्हर. सगळ्यांना आला तरी एक ड्रायव्हर लागतोच.

आता आमचं बघा. पाच नोड, पंपातून चार बाण निघतात पण लाल एकच होणार, म्हणजे चार ड्रायव्हर, पंप आणि कुठल्याही तीन टाक्या. त्याच टाक्या एकीतून दुसरीत अशा रांगेत असत्या तर चारही बाण लाल झाले असते आणि एकटा पंप पुरला असता. गणिताने तीनच टाक्या सांगितल्या तरी प्लंबरकाकांनी आमच्याकडे चारही लाइनला व्हॉल्व्ह बसवले, कारण व्हॉल्व्ह फक्त पाणी अडवतो, गणितातला सिग्नल मात्र उणेही चालतो, टाकीतलं पाणी मागे खेचल्यासारखा, म्हणून तिथे तीन टाक्यांत भागतं.

"कुठल्याही तीन" हे नीट लक्षात ठेवा. ड्रायव्हरची संख्या पक्की असते, नावं बदलू शकतात, त्यामुळे दोन-तीन वेळा वेगवेगळं मॅचिंग काढा आणि ज्या नोडपर्यंत पोचणं सोपं आणि स्वस्त तो संच घ्या. ज्याच्यात एकही बाण येत नाही तो मात्र प्रत्येक संचात असणारच. त्याच पेपरमध्ये दिसलं की ड्रायव्हर नोड सहसा हब, म्हणजे खूप कनेक्शनवाले नोड, टाळतात, आणि जीन रेग्युलेटरी नेटवर्कमध्ये, म्हणजे कुठलं जीन कुठल्या जीनवर परिणाम करतं त्या जाळ्यात, तर जवळपास ८० टक्के नोड ड्रायव्हर लागतात.

नोड शेकड्यात गेले की पायथनमधलं नेटवर्कएक्स वापरा, ही नेटवर्कची गणितं करणारी लायब्ररी आहे. प्रत्येक नोडच्या दोन कॉप्या करा, बाण देणारी आणि घेणारी, आणि मॅक्सिमम मॅचिंग काढणारा हॉपक्रॉफ्ट-कार्प अल्गोरिदम चालवा. देणाऱ्या कॉप्यांची यादी स्वतः द्या, नाहीतर तुटक नेटवर्कवर एरर येतो. उत्तरात प्रत्येक जोडी दोनदा येते, तेव्हा निम्मं करूनच मोजा.

अजून एक, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. नोडची स्वतःची चाल असेल, म्हणजे प्रत्येक टाकी आपल्या पातळीप्रमाणे आपल्या वेगाने गळत असेल, तर प्रत्येक नोडमधून निघून त्याच्यातच परत येणारा बाण काढावा लागतो, तो लाल केला की सगळ्यांचं मॅचिंग होतं आणि आमच्यासारख्या नेटवर्कला कागदावर एकटा पंप पुरतो. पण दोन टाक्यांचा गळण्याचा वेग जवळजवळ सारखा असेल तर त्यांना वेगळं करायला इतका मोठा सिग्नल लागतो की कुठलाच पंप तो देऊ शकत नाही, तिथे सरळ एक व्हॉल्व्ह जास्त लावा.