पीसी सारखा क्रॅश होतोय? रॅम तपासताना या चुका टाळा

कोपरखैरणेच्या आमच्या सोसायटीत कुणाचा पीसी रुसला की निरोप माझ्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली, "अरे, पुन्हा निळं झालंय बघ." काकू घरी बसून चार दुकानांचे हिशेब लिहितात. जीएसटीची तारीख तोंडावर आली होती आणि पीसी दिवसातून तीनदा निळी स्क्रीन दाखवून आपोआप रीस्टार्ट होत होता. त्याआधी मी त्यावर दोनदा नव्याने विंडोज टाकली होती. दुसऱ्या वेळी इन्स्टॉलेशन मध्येच थांबलं, फाइल खराब आहे म्हणालं. मी पेनड्राइव्हला शिव्या घातल्या. पेनड्राइव्ह बिचारा चांगला होता.

पहिली चूक हीच, फॉरमॅट मारायची घाई. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते आधी रॅममधून, म्हणजे पीसीच्या तात्पुरत्या मेमरीतून जातं. रॅममध्ये एक बिट (० किंवा १) उलटला तर तीच चूक फाइलमध्ये कायमची बसते. म्हणजे खराब रॅमवर टाकलेली विंडोज जन्मापासूनच आजारी. बॅकअपचंही तेच. रॅमवर संशय आला की नवा बॅकअप जुन्या चांगल्या बॅकअपवर चढवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

रॅमचा संशय घ्यायचा कधी? निळ्या स्क्रीनवरचं नाव दर वेळी बदलत असेल तेव्हा. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, परवा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. दर वेळी एकच नाव आणि त्याखाली एकाच ड्रायव्हरची फाइल दिसत असेल, तर आधी तो ड्रायव्हर बघा. आणखी एक खूण म्हणजे मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याची सूचना) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा मुकाट उघडते.

विंडोजच्या टेस्टवर विसंबणं

विंडोज मेमरी डायग्नोस्टिक वाईट नाही, पण ती सुटसुटीत तपासणी आहे. 'काही आढळलं नाही' एवढ्यावर रॅमला निर्दोष सोडू नका. ती चालवायचीच असेल तर सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा. खरी परीक्षा मेमटेस्ट८६+ घेतं. ते फुकट मिळतं आणि पेनड्राइव्हवरून बूट होतं. काही मदरबोर्डांवर त्यासाठी सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्राम बूट होऊ न देणारी सेटिंग) तात्पुरतं बंद करावं लागतं. रात्री लावून झोपा, निदान चार पास (पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. काकूंच्या पीसीवर पहिला पास स्वच्छ गेला, दुसऱ्यात एरर दिसू लागल्या. 'एकच तर एरर आहे' असं म्हणू नका, कारण बरोबर आकडा शून्यच.

आणि टेस्ट लावताना कॅबिनेट उघडं ठेवून वर पंखा फुल्ल सोडू नका. रॅमच्या बऱ्याच स्टिक (पट्ट्या) तापल्यावरच चुकतात. रोज जशा बंद डब्यात चालतात तशाच तपासा.

एकदम सगळं बदलणं

दोन्ही स्टिक काढल्या, पुसल्या, जागा बदलून बसवल्या, वर बायोसही (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं. आता पीसी चालला तर कशामुळे चालला? काहीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. एक स्टिक, एक स्लॉट, टेस्ट. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, पुन्हा टेस्ट. मग दुसरी स्टिक. निकाल कागदावर लिहा, रात्री दोन वाजता लक्षात राहत नाही. स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली तर दोष स्टिकचा. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास झाल्या तर स्लॉटकडे किंवा मदरबोर्डकडे बघा. दोन्ही बसवून मेमटेस्टने दाखवलेल्या पत्त्यावरून खराब स्टिक ओळखायला जाऊ नका. ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन स्टिक जोडीने चालतात तेव्हा, मेमरीतल्या जागांचे पत्ते दोघींत वाटलेले असतात.

हात घालण्याआधी बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट उतरवा. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते.

खोडरबर

खाडीच्या कडेला राहणाऱ्यांचा हा लाडका उपाय. दमट हवेत धूळ पिनांवर चिकटते हे खरं, आणि पुसून बसवल्यावर पीसी कित्येकदा चालूही होतो. पण सोन्याचा मुलामा पातळ असतो, घासघासून तोच जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कपडा बरा. रबर वापरलंच तर मऊ वापरा आणि भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पीसी चालू झाला म्हणून लगेच स्क्रूही आवळू नका, मेमटेस्ट पुन्हा लावा.

चांगली रॅम फेकणं

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मित्राने जुन्या दोन स्टिकना आणखी दोन जोडल्या, ३२०० चा एक्सएमपी (रॅम डिफॉल्टपेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू ठेवला आणि क्रॅश सुरू झाले. तो नव्या स्टिक परत करायला निघाला होता. एक्सएमपी बंद केल्यावर एरर थांबल्या. चार स्टिकचा भार त्या वेगाला प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला पेलत नव्हता, बाकी काही नाही. म्हणून निदान आधी बायोसच्या डिफॉल्ट वेगावर करा. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मदरबोर्ड तेव्हा रॅमची ओळख करून घेत असतो, घाबरून बटण बंद करू नका.

काकूंची एक स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये नापास झाली. जोडीने घेतलेला किट असल्याने वॉरंटीत दोन्ही स्टिक द्याव्या लागल्या, त्यामुळे बिल जपून ठेवा. मधल्या दिवसांसाठी रॅम आणायला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून दादर, मग पश्चिमेची लोकल पकडून ग्रँट रोड, सगळा दिवस मोडला. रात्री तिसऱ्यांदा विंडोज टाकली, ती कुठेही न अडखळता पार पडली. हिशेबाचा ताजा बॅकअप काही उघडेना, मे महिन्याचा उघडला. पुढच्या नोंदी काकूंनी बिलं समोर घेऊन पुन्हा भरल्या.

चहा देताना एवढंच म्हणाल्या, "मग आधी दोनदा काय करत होतास रे?"