सॉलिड कॅम बसवताना या चुका टाळा: पंपाला दोष देण्याआधी लिफ्टर बघा

सॉलिड कॅम म्हणजे घट्ट, हायड्रॉलिक नसलेल्या लिफ्टरवर चालणारा कॅमशाफ्ट; लिफ्टर म्हणजे कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) बसून व्हॉल्व्ह उघडायला वर सरकणारा तुकडा. हा कॅम बसवल्यावर ऑइल प्रेशर पडलं, की लोक आधी ऑइल पंप बदलतात. जास्त तेल देणारा पंप लावला की गेजचा काटा थोडा वर येतो, पण गळती आत तशीच राहते. वर पंप फिरवणाऱ्या गिअरवर फुकटचा ताण.

एका व्ही-८ इंजिनात मी यापायी तीन आठवडे घालवले. गरम झाल्यावर आयडलला प्रेशर १० पीएसआयच्याही खाली. पंप बदलला, बेअरिंगचे क्लिअरन्स पुन्हा मोजले, सगळं बरोबर. शेवटी लिफ्टरवरचं इनटेक मॅनिफोल्ड काढलं, टॉर्च मारून क्रँक हाताने फिरवली. एक्झॉस्टच्या लोबची उंची जास्त होती. पूर्ण लिफ्टला त्या लिफ्टरची तेलाची खाच बोअरच्या वर डोकावत होती आणि गॅलरीतलं (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेतलं) तेल तिथूनच बाहेर पडत होतं. खाच खाली असलेले लिफ्टर घातले, जुनाच पंप परत लावला, प्रेशर जागेवर आलं. बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) लहान असेल तर उलटं होतं: लिफ्टर खाली उतरतो आणि खाच बोअरच्या खालून उघडी पडते. तेव्हापासून मॅनिफोल्ड बसवण्याआधी क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन मी एकेक लिफ्टर बघतो. अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसेल तर इंजिन उघडूच नये.

सॉलिड कॅमवर हायड्रॉलिक लिफ्टर (तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरणारे) चालवू नका. त्या लोबचा उतार टॅपेटची फट (रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी, आणि व्हॉल्व्ह यांतली मोकळी जागा) भरून काढण्यासाठी लांब ठेवलेला असतो. फट नसली की व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा बंद होतो.

नव्या फ्लॅट टॅपेट कॅमवर (रोलर नसलेल्या लिफ्टरच्या) जुने लिफ्टर? कधीच नाही. लिफ्टरचा तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित तिरका असतो, म्हणून लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. झिजलेला लिफ्टर फिरत नाही आणि लोब खाऊन टाकतो.

पहिल्या स्टार्टला आयडलचा आवाज ऐकत उभे राहणारे तर मला बघवत नाहीत. लोबवर तेल येतं ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला ते पुरत नाही. चालू होताच २०००-२५०० आरपीएम, किमान २० मिनिटं, आरपीएम थोडा खालीवर करत. त्यासाठी टायमिंग, पेट्रोल, पाणी आधीच तयार हवं. लोबला ब्रेक-इन पेस्ट (पहिल्यांदा चालवतानाचं जाड वंगण), तेल झिंकवालं. डबल स्प्रिंग असतील तर आतल्या काढून ठेवा. पंप ड्रिलने फिरवून प्रत्येक रॉकरवर तेल दिसेपर्यंत मी चावीला हात लावत नाही.

पुशरॉडची (लिफ्टर आणि रॉकरमधल्या दांडीची) लांबी नव्याने मोजा, सॉलिड लिफ्टरमध्ये तिची बैठक वेगळ्या उंचीवर असते.

टॅपेट वाजतात म्हणून फट कमी करू नका, सॉलिड वाजणारच. कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर गरम इंजिनाचा आकडा असेल तर गरम असतानाच सेट करा. मी प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वहीत लिहितो. एकाच व्हॉल्व्हची फट दर वेळी वाढलेली दिसली, तर ती नुसती सेट करून पुढे जाऊ नका, लोब किंवा लिफ्टर झिजत असेल. ऑइल फिल्टर कापा, घड्यांमध्ये लोखंडाचा चुरा शोधा.